‘व्हायरल’ छापण्याआधी जरा मोजून बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक चौकट आली होती, ‘सोशल मीडियावर एकच चर्चा, नेटकरी संतापले’ असं हेडिंग होतं. विषय कुठला ते इथे मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर मीच त्याची परत जाहिरात केल्यासारखं होईल. पण मला राहवलं नाही म्हणून मी ती मूळ पोस्ट शोधून काढली, सकाळी साडेसातला तिच्याखाली ३१ कमेंट होत्या आणि त्यातल्या ११ एकाच माणसाच्या. नऊच्या सुमाराला आपल्या चौकटीचा फोटो आमच्या गावच्या ग्रुपवर पडला, खाली लिहिलेलं ‘पेपरात पण आलंय बघा’, मग तो पाहुण्यांच्या ग्रुपवर, मग विकास सोसायटीच्या ग्रुपवर, आणि संध्याकाळी पारावर खरंच एकच चर्चा चालू होती. सकाळी जी चर्चा ३१ कमेंटची होती ती आपल्या पेपरामुळे अख्ख्या गावाची झाली.

एवढ्याशा चौकटीचं हा माणूस काय घेऊन बसलाय असं वाटेल तुम्हाला. तर माझं कारण सांगतो.

सिन्नर तालुक्यात माझी चार हजार पक्ष्यांची ब्रॉयलरची शेड होती. कंपनीचं करार पद्धतीचं काम नव्हतं, पिल्लं माझी, खाद्य माझं, रिस्क पण माझीच. २०२० च्या जानेवारीत मी बॅच टाकली, थंडी होती, पडदे लावून रात्र रात्र ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची साधनं, सांभाळले, मरतूक एकदम कमी झाली, ३८६० पक्षी तयार झाले आणि वजन सरासरी दोन किलो तीनशे बसलं. एवढी चांगली बॅच मला त्याआधी दोन वर्षांत मिळाली नव्हती. आणि बरोबर त्याच टायमाला तो मेसेज आला.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. कोंबड्यांचा फोटो, खाली ‘कोरोना झालेली कोंबडी सापडली, कृपया चिकन खाऊ नका, जनहितार्थ पुढे पाठवा’. कुणाच्या मेसेजमधे मुंबई असायचं कुणाच्यात बेंगळुरू, फोटो तेच. मी फोटो बघितल्या बघितल्या ओळखलं की पक्षी मानमोडीचे आहेत, राणीखेत म्हणतात तो आजार, ज्याने कोंबडी पाळलीय त्या प्रत्येकाने ती वाकडी मान कधी ना कधी बघितलेली असते. पण फोटो बघणारे सगळे कोंबडी पाळणारे थोडेच असतात, त्यांना फक्त आजारी कोंबडी दिसली आणि त्या दिवसात सगळीकडे चालू असलेला शब्द दिसला, कोरोना.

त्यात अजून एक गोष्ट होती जी मला आजपण खटकते. कोंबड्यांना आयबी म्हणून एक आजार होतो, इन्फेक्शियस ब्रॉंकायटिस, तो खरोखरच कोरोना कुळातल्या विषाणूने होतो. जुना आजार आहे, माणसाला होत नाही, आणि पोल्ट्रीवाले त्याची लस वर्षानुवर्षं देत आलेत. पण कोंबडीच्या आजारांच्या पुस्तकात कोरोना हा शब्द सापडतो म्हटल्यावर ‘बघा पुस्तकात पण आहे’ असं म्हणायला लोक मोकळे झाले. निव्वळ खोटं असतं तर दोन दिवसात मेलं असतं असं मला वाटतं, त्यात चिमूटभर खरं होतं म्हणून ते टिकलं.

व्यापाऱ्याची गाडी येणार होती ती आली नाही. आज येतो, उद्या येतो, मग त्याने फोन उचलणं बंद केलं. ब्रॉयलर पक्षी काही गोदामातला माल नाही, वजनात आला की त्याच दिवसात उचलावा लागतो, नाहीतर रोज खाद्य खातो, वजन वाढलं की गर्मीत मरायला लागतो. जादा दहा-बारा दिवस मी त्यांना सांभाळलं. माझा उत्पादन खर्च किलोला ७२ रुपये होता आणि शेवटी मी ११ रुपये किलोने दिले. साडेपाच लाखाच्या आसपास बसला मला तो मेसेज. ज्याच्याकडून तो माझ्यापर्यंत आला तो माझा सख्खा साडू, त्याला विचारलं तर म्हणे, अहो मी काय लिहिलाय का, मला आला मी पुढे पाठवला. आणि तो खोटं बोलत नव्हता.

आणि मी एकटा नव्हतो. मार्चमधे पालघर जिल्ह्यात एका व्यावसायिकाने सुमारे ९ लाख पिल्लं नष्ट केली, कर्नाटकात गोकाक तालुक्यात एका शेतकऱ्याने खड्डा खणून हजारो कोंबड्या जिवंत पुरल्या, तो व्हिडिओ ज्यांनी बघितला त्यांना विसरता येणार नाही. उत्तर प्रदेशात लखनौला तर फणस १२० रुपये किलो आणि चिकन ८० रुपये अशी वेळ आली. कुणी ठरवून केलं का हे? माझ्या माहितीत तरी कोणी नाही. लाखो लोकांनी प्रत्येकी दोन सेकंदाचं काम केलं, बस.

आम्ही गप्प बसलो नव्हतो. मी रात्री बसून मोठा मेसेज लिहिला, मानमोडी म्हणजे काय, आयबी म्हणजे काय, चिकन आपण किती वेळ शिजवतो, सगळं. दोन अंगठे आले आणि एक हात जोडलेला. माझा भाचा पुण्याला इंजिनियरिंगला होता तो म्हणाला मामा एवढं कोण वाचतं, व्हिडिओ करा. मग आम्ही शेडसमोर चूल मांडून रस्सा केला आणि सगळ्या घरादाराने खाल्ला, माझ्या आईने सुद्धा, वय वर्षं ७८. तो व्हिडिओ शंभर-दीडशे लोकांनी बघितला असेल. २८ फेब्रुवारीला तेलंगणाच्या मंत्र्यांनी हैदराबादला स्टेजवर चिकन खाल्लं, तो व्हिडिओ मात्र आमच्यापर्यंत पोचला, पण कसा, तर खाली लिहिलेलं की काही नसेल तर मंत्र्यांना स्टेजवर खाऊन दाखवायची वेळ का आली. पशुसंवर्धन खात्याने खुलासा काढला होता, चिकन-अंडी खायला सुरक्षित आहेत म्हणून, चांगला खुलासा होता, पण तो पत्राच्या भाषेत, पीडीएफ फाइल. पीडीएफ कोणी उघडत नाही साहेब, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं म्हणून कोणी पुढे पण पाठवली नाही.

तेव्हापासून मी या गोष्टीचा नाद घेतलाय की कुठली गोष्ट पसरते आणि कुठली पसरत नाही. भाच्याला विचारून विचारून मी बरंच समजून घेतलं. तो सांगतो की अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी २००६ ते २०१७ पर्यंत ट्विटरवर (आता त्याला एक्स म्हणतात) फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार गोष्टी तपासल्या, जवळपास ३० लाख लोकांनी पसरवलेल्या, आणि २०१८ ला ते छापलं. खरी बातमी १५०० लोकांपर्यंत जायला खोट्या बातमीच्या सहापट वेळ लागला, आणि खोटी बातमी पुढे पाठवली जायची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त निघाली. मला वाटलं हे मशीनचं काम असेल, पैसे देऊन चालवलेल्या खोट्या अकाउंटचं, तर तसं नाही, ते बाजूला काढून बघितलं तरी फरक तसाच राहिला. माणसंच करतात. खोटी गोष्ट नवीन वाटते आणि नवीन गोष्ट सगळ्यात आधी आपण सांगितली याचं माणसाला बरं वाटतं, गावात पण बघा ना, पहिली खबर आणणाऱ्याला चहा मिळतो.

पण म्हणून सगळा दोष माणसांवर टाकून कंपन्या सुटतात असं मी म्हणणार नाही. फेसबुकवर लाइकच्या जोडीला ते हसरे, रडके, रागीट चेहरे आले ना, २०१७ मधे त्यांनी असं ठरवलं होतं की एका चेहऱ्याला पाच लाइकइतकं वजन द्यायचं. म्हणजे तुम्ही चिडून एखाद्या पोस्टला रागाचा चेहरा दिला की ती पोस्ट लाइकच्या पाचपट जोराने दुसऱ्यांच्या समोर जायची. आपण समजतो मी निषेध केला, मशीन समजतं याला आवडलंय, अजून दाखवा. पुढे २०२० मधे त्यांनी रागाच्या चेहऱ्याचं वजन शून्य केलं आणि या सगळ्या गोष्टी २०२१ मधे कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आली तेव्हा जगाला कळल्या. तोपर्यंत किती गावात किती भांडणं झाली असतील त्या पाचपटीने, कोण मोजणार.

ट्विटरचं अजून वेगळं. तिथे ‘ट्रेंडिंग’ म्हणून जी यादी दिसते ती मी बरीच वर्षं समजत होतो की देशात सगळ्यात जास्त लोक ज्या विषयावर बोलतायत त्याची यादी. ती तशी नाहीच. एखादा विषय कमी वेळात अचानक किती उसळला हे त्यात बघतात. रोज दहा लाख लोक एखाद्या विषयावर बोलत असतील तर तो विषय वर येणार नाही, आणि काही हजार जण ठरवून एकाच तासात एकच हॅशटॅग टाकतील तर तो येईल. भाच्याचा एक मित्र निवडणुकीच्या टायमाला असल्या कामाला होता, त्यांच्या ग्रुपवर दुपारी हॅशटॅग यायचा, तयार वाक्यांची यादी यायची, आणि सूचना असायची की संध्याकाळी ७ च्या आधी कोणी टाकायचं नाही, ७ वाजता सगळ्यांनी एकदम. पाण्याचं पिंप थेंब थेंब रिकामं केलं तर अंगण भिजत नाही, एकदम उलटं केलं की पूर येतो तसं. दुसऱ्या दिवशी पेपरात काय येतं, ‘अमुक हॅशटॅग ट्रेंडमध्ये अव्वल’. म्हणजे त्या पोरांचं काम खरं तिथे पूर्ण होतं, तुमच्या पानावर. यासाठी मी हे पत्र लिहितोय.

व्हॉट्सअॅपवर असलं कुठलं मशीन नाही, तिथे वर कोणी बसून ठरवत नाही काय दाखवायचं. तिथे मशीन म्हणजे आपण. आणि आपण मेसेजमधे काय लिहिलंय ते नंतर बघतो, पाठवला कोणी ते आधी बघतो. अनोळखी माणसाने चिकनचा मेसेज पाठवला असता तर मीच दोनदा विचार केला असता, पण साडू म्हणजे घरचा माणूस, तो कशाला खोटं पाठवेल, आणि त्याला कोणी पाठवला तर त्याच्या शाळेतल्या सरांनी. प्रत्येकजण आधीच्या माणसावर विश्वास ठेवतो आणि पहिला माणूस कोण ते कोणालाच माहीत नसतं.

हे मी दुसऱ्यांना शिकवतोय असं समजू नका, कारण मला स्वतःला एक गोष्ट कबूल करायचीय जी मी आजपर्यंत घरात सोडून कुठे बोललो नाही. २०१८ च्या जूनमधे मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. एक व्हिडिओ होता, मोटारसायकलवर दोघं येतात आणि गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. माझा नातू तेव्हा चार वर्षांचा. मी तो व्हिडिओ बघितला आणि एक क्षण पण न थांबता भाऊबंदांच्या, शाळेच्या आणि दूध डेअरीच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं ‘मुलांना सांभाळा’. नंतर कळलं की तो व्हिडिओ पाकिस्तानातल्या कराचीचा, मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जनजागृतीसाठी बनवलेला, त्याच्या शेवटी ते मोटारसायकलवाले पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात की मूल पळवायला एवढाच वेळ लागतो. शेवट कोणीतरी कापला होता. 

आणि १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, रविवार होता, बाजाराचा दिवस, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना लोकांनी मुलं पळवणारे समजून मारून टाकलं. सोलापूरकडून, मंगळवेढ्याच्या बाजूने आलेली माणसं होती. आमच्या गावात पण दरवर्षी डवरी येतात, डमरू वाजवत, माझी आई त्यांना पसाभर ज्वारी घालते. राईनपाड्यात माझा फॉरवर्ड गेला होता का, बहुतेक नसेल गेला. पण कुठल्यातरी दुसऱ्या गावात गेला असेल आणि तिथल्या लोकांनी त्या दिवसात अनोळखी माणसाकडे कुठल्या नजरेने बघितलं असेल ते मला माहीत नाही. माझा हेतू नातवाच्या काळजीचा होता, साडूचा हेतू आमच्या तब्येतीच्या काळजीचा होता. काळजीवरच सगळ्यात जास्त पसरतं.

त्या घटनेनंतर २०१८ च्या जुलैत व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ लिहून यायला लागलं. आणि बऱ्याच वेळा फिरलेला मेसेज, तो दोन बाणवाला, एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा नियम आला २०२० च्या एप्रिलमधे. त्याने अशा मेसेजचं फिरणं ७० टक्के कमी झालं असं कंपनीने स्वतः सांगितलं. म्हणजे करता येत होतं. एप्रिलच्या ऐवजी फेब्रुवारीत केलं असतं तर, असा विचार मी किती वेळा केला असेल. माझी शेड तोपर्यंत झाडून रिकामी होती.

आता कोणी म्हणेल सोशल मीडियाआधी अफवा नव्हत्या का. होत्या की. १९९५ च्या सप्टेंबरात २१ तारखेला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या तेव्हा कुठे व्हॉट्सअॅप होतं, लोकांनी फोन करून करून पसरवलं, एसटीडी बूथवर गर्दी. मी पण वाटी घेऊन गेलो होतो. पण ते एक-दोन दिवसात विरलं, कारण फोनवरचं बोलणं हवेत जातं. आताचा व्हिडिओ जात नाही. मुलं पळवण्याचे मेसेज पाच-सहा महिन्यांनी तारीख बदलून परत येतात, आणि ज्याने पहिल्यांदा बघितला नाही त्याच्यासाठी तो दरवेळी ताजाच असतो.

आणि सगळं वाईटच पसरतं असं पण नाही. आमच्याच जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याने २०१८ मधे साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डर केले, ते देशभर झालं. २०२३ मधे बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याला ५१२ किलो कांदा विकून खर्च वजा जाता दोन रुपयाचा चेक मिळाला, त्याचा फोटो तर घराघरात गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि त्या पसरल्या हे चांगलंच झालं. पण मी विचार करतो की त्या का पसरल्या, तर एका फोटोत मावल्या म्हणून. दोन रुपयाचा चेक, बघितलं की संपलं, काही समजावून सांगावं लागत नाही. पण त्याच वर्षी ज्यांना चारशे रुपये मिळाले, आठशे मिळाले, म्हणजे बुडालेच पण जरा कमी बुडाले, त्यांचा फोटो कोण काढणार? निर्यातबंदी कधी लागते, कधी उठते, आडत-हमाली-तोलाईत किती जातं, हे फोटोत मावत नाही. जे फोटोत मावत नाही ते पसरत नाही, आणि जे पसरत नाही ते हल्ली पेपरात पण येत नाही. याचं मला जास्त वाईट वाटतं. पेपर याच्यासाठीच होता ना साहेब?

म्हणून माझी विनंती आहे. तुम्ही ‘व्हायरल’ हा शब्द छापता तेव्हा किती लोकांनी, किती दिवसात, मूळ पोस्ट कधीची आणि कुठली, एवढं सोबत छापा. हे शोधायला मला मोबाइलवर वीस मिनिटं लागली, तुमच्याकडे तर माणसं आहेत. हे शोधूनही सापडत नसेल तर ती बातमी एक दिवस थांबवा, काही बिघडत नाही, आम्ही पेपर उद्यापण घेणार आहोत. दुसरं, अफवेचं वाक्य हेडिंगमधे घालू नका. २०२० ला एका पेपरात मोठ्या अक्षरात ‘चिकनमुळे कोरोना?’ असं आलं होतं, खाली बारीक अक्षरात तज्ज्ञांनी नाही म्हटलेलं. लोकांनी फक्त वरचा भाग कापून फिरवला, प्रश्नचिन्हासकट, आणि प्रश्नचिन्ह कोणी वाचत नाही. तिथे ‘चिकन सुरक्षित’ असं लिहिलं असतं तर कापून फिरवणाऱ्याने पण आमचं कामच केलं असतं. आणि खुलासा असा छापा की त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकता येईल, चार ओळीत, मोठ्या अक्षरात, तारीख घालून, कारण आपला पेपर आमच्याकडे आता जास्त करून असाच वाचला जातो.

वाचकांना पण एक सांगतो. खोटं पाठवलेलं लक्षात आलं तर नुसतं डिलीट करू नका, ज्या ज्या ग्रुपवर टाकलं त्याच ग्रुपवर लिहा की मी टाकलेलं चुकीचं होतं. मी हे २०१८ ला केलं नाही, लाज वाटली म्हणून. नंतर २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पडतात त्या मज्जातंतूंच्या आजाराचे, पेशंट वाढले आणि परत चिकनचं नाव निघालं, तेव्हा माझ्या साडूने तसला एक मेसेज टाकला आणि अर्ध्या तासाने त्याच ग्रुपवर स्वतःहून लिहिलं की माझ्याकडून न तपासता गेलं, पाण्याचा संशय आहे, आणि चिकन नीट शिजवून खाल्लं तर भीती नाही. त्या खुलाशाला नऊ जणांनी पुढे पाठवलं. मी मोजले.

शेडमधे मी आता कांदा ठेवतो, जाळ्या काढून चाळ केली. पोल्ट्री परत सुरू करायची हिंमत झाली नाही, मुलगा म्हणतो करू, बघू.

मागच्या आठवड्यातल्या त्या पोस्टचा सकाळी साडेसातचा स्क्रीनशॉट पत्रासोबत जोडलाय, ३१ कमेंटसकट. आपल्या चौकटीशेजारी ठेवून एकदा बघावा ही विनंती.

आपला नियमित वाचक,
ता. सिन्नर, जि. नाशिक
(नाव आणि मोबाइल नंबर वेगळ्या कागदावर दिलाय, तो कृपया छापू नये.)